मुंबई, पुणे, कोल्हापूर, सोलापूर : आपल्या विद्यार्थी रंगभूमीची वाटचाल

आषाढी वारीत माउलींची पालखी माळशिरसचा मुक्काम हलवते, खुडूसचे रिंगण आटोपते आणि वेळापूरच्या वाटेला लागते. गावात शिरण्याआधी धावाबावीजवळ मानाचे भारूड होते. तिथे पडदा नसतो, विंगा नसतात, प्रकाशयोजना म्हणजे डोक्यावरचे आभाळ. टाळ-मृदंगाची साथ, अंगावर ओढलेले एखादे लुगडे, हातात सापडेल ते. एवढ्या सामग्रीवर वारकरी वासुदेव होतो, जोशी होतो, भूत लागलेला होतो आणि समोरचा समुदाय पोट धरून हसतो. वेळापूर, पिलीव, तोंडले-बोंडले, भंडीशेगाव या पट्ट्यातल्या मुलांनी कुणीतरी दुसरा माणूस होऊन बोलताना पहिल्यांदा पाहिला तो बहुधा इथे. पुढे यात्रेतल्या तमाशाच्या कनाती आल्या, शाळेचे स्नेहसंमेलन आले, पण सुरुवात इथली. त्यामुळे आपल्या भागातल्या विद्यार्थी रंगभूमीचा इतिहास महाविद्यालयांच्या स्थापनेपासून सुरू करणे मला अपुरे वाटते. यादव राजा रामचंद्राच्या काळातले मराठी शिलालेख ज्या वेळापूर गावात आहेत आणि ग्रामदैवत अर्धनारीनटेश्वर आहे, त्या गावातल्या मुलांना अभिनयाची ओळख काही विद्यापीठाने करून दिलेली नाही. विद्यापीठाने त्यांना व्यासपीठ दिले, नियम दिले, स्पर्धा दिली आणि गावाबाहेरचा प्रेक्षक दिला. हे लहान काम नव्हे. या लेखात सांगायचे आहे ते त्या व्यासपीठाबद्दल, म्हणजे विद्यापीठाच्या युवा महोत्सवाबद्दल, आणि तो महोत्सव आपल्या जिल्ह्यापर्यंत कसा पोहोचला त्याबद्दल.

मराठी विद्यार्थ्यांचे नाटक जुने आहे. पुण्याच्या सदाशिव पेठेतले भरत नाट्य मंदिर आज सगळ्यांना माहीत आहे, पण ती संस्था १८९४ साली ‘स्टुडंट्स सोशल क्लब’ या नावाने सुरू झाली होती, हे अनेकांना ठाऊक नसते. विद्यार्थ्यांनी नाटकासाठी एकत्र यावे आणि त्यातून पुढे स्वतःचे नाट्यगृह असलेली संस्था उभी राहावी, असा तो प्रवास. त्या काळी सोलापूर जिल्ह्यातल्या मुलाला पदवी हवी असेल, तर त्याने पुणे गाठायचे. नाटकाची हौस असेल तर तीही तिथेच भागायची. जिल्ह्यात विद्यार्थ्यांचे नाटक म्हणजे शाळेचे संमेलन, गणेशोत्सव आणि मेळे.

१९४० साली सोलापुरात दयानंद महाविद्यालय सुरू झाले आणि पदवीसाठी जिल्हा सोडण्याची सक्ती संपली. तेव्हा जोडणी मुंबई विद्यापीठाशी होती. १९४९ साली पुणे विद्यापीठ स्थापन झाले आणि जिल्ह्याची शैक्षणिक राजधानी मुंबईहून पुण्याला आली. १९५३ साली संगमेश्वर महाविद्यालय निघाले. १८ नोव्हेंबर १९६२ रोजी कोल्हापुरात शिवाजी विद्यापीठ स्थापन झाले आणि सोलापूर त्याच्या कार्यक्षेत्रात गेले. मग पुढची चार दशके आपल्या मुलांचे पेपर, त्यांचे निकाल आणि त्यांची नाटके यांची वाट कोल्हापूरकडे जात राहिली. २००४ साली सोलापूरचे स्वतंत्र विद्यापीठ झाले. मुंबई, पुणे, कोल्हापूर, सोलापूर असा हा क्रम पाहिला की एक गोष्ट ध्यानात येते. नाटक बसवणारी मुले जिल्ह्यातलीच राहिली, परीक्षकांचे गाव मात्र दर पिढीला बदलत गेले, आणि हळूहळू जवळ येत गेले.

देशपातळीवरही १९५०च्या दशकात हालचाल होत होती. १९५४ साली दिल्लीत पहिला आंतरविद्यापीठ युवक महोत्सव भरला. त्याच वर्षी तत्कालीन मुंबई राज्याची नाट्यस्पर्धा सुरू झाली, जी पुढे राज्य नाट्यस्पर्धा म्हणून महाराष्ट्रातल्या हौशी रंगभूमीचा कणा ठरली. १९६३ साली पुण्यात महाराष्ट्रीय कलोपासक या संस्थेने पुरुषोत्तम करंडक आंतरमहाविद्यालयीन एकांकिका स्पर्धा सुरू केली. दहा वर्षांच्या आत विद्यार्थी नाटकाचा चेहराच बदलला. गॅदरिंगमध्ये गाजलेले तीन अंकी नाटक करायचे आणि घरच्यांची वाहवा घ्यायची, ही पद्धत मागे पडली. अर्ध्या-पाऊण तासाची एकांकिका, तीही शक्यतो नवी, तीही अनोळखी परीक्षकांसमोर, हा प्रकार रुजला.

या बदलात आपल्या जिल्ह्याचा एक माणूस अगदी मध्यभागी आहे. डॉ. जब्बार पटेल यांचा जन्म १९४२ साली पंढरपूरचा. शालेय शिक्षण सोलापुरात, हरीभाई देवकरण प्रशालेत. तिथे प्रा. श्रीराम पुजारी यांच्या घरी राहून ते शिकले. साहित्य आणि संगीत यांचा राबता असलेले ते घर होते. पुढे पुण्याच्या बी. जे. वैद्यकीय महाविद्यालयात डॉक्टरकी शिकता शिकता ते नाटकात रमले. डॉ. मोहन आगाशे त्याच महाविद्यालयाचे. १६ डिसेंबर १९७२ रोजी भरत नाट्य मंदिरात ‘घाशीराम कोतवाल’चा पहिला प्रयोग झाला, त्याचे दिग्दर्शक जब्बार पटेल आणि नाना फडणवीस झाले होते आगाशे. मराठी रंगभूमीवरचे हे सर्वांत गाजलेले प्रायोगिक नाटक उभे करणाऱ्यांपैकी कित्येकांनी नुकतेच कॉलेज सोडले होते. शंभराव्या अखिल भारतीय मराठी नाट्यसंमेलनाच्या अध्यक्षपदी जब्बार पटेल यांची निवड झाली, तेव्हा पंढरपूर-सोलापूरकडच्या माणसांना झालेला आनंद घरातल्या माणसाच्या सत्कारासारखा होता. १९९०च्या आसपास सोलापूरच्या ‘नाट्य आराधना’ संस्थेतून काम करून पुढे राष्ट्रीय नाट्य विद्यालयात गेलेले अतुल कुलकर्णी हे दुसरे नाव. त्यांचे महाविद्यालयीन शिक्षणही सोलापुरात दयानंदमध्ये झाले. ही दोन नावे जिल्ह्यातल्या प्रत्येक महाविद्यालयाच्या प्रास्ताविकात येतात, आणि यायलाच हवीत. पण मोठे झालेल्यांच्या नावांनी भरलेला इतिहास अर्धा असतो. उरलेला अर्धा त्या मुलामुलींचा, ज्यांनी एक-दोन वर्षे काम केले, बक्षीस घेतले किंवा हुकले, आणि जे नंतर शेती, शिक्षकी, पतसंस्था, संसार यांत गुंतले. मला या लेखात त्यांच्याजवळ जास्त थांबायचे आहे.

शिवाजी विद्यापीठाच्या काळात युवा महोत्सवाच्या तयारीतला आमचा दिवस असा असायचा. वेळापूरच्या चौकात सकाळची एसटी पकडायची. पंढरपूर-माळशिरस आणि सांगोला-अकलूज हे दोन्ही रस्ते आपल्या गावात एकमेकांना छेदतात, त्यामुळे चारही दिशांची गर्दी तिथे उभी असते. खिशात महिन्याचा पास, पिशवीत वह्यांबरोबर भाकरीचा डबा. दुपारपर्यंत तास, विज्ञानवाल्यांना त्यापुढे प्रॅक्टिकल. चारच्या सुमारास एखादा वर्ग रिकामा झाला की बाकडी भिंतीकडे सरकवायची आणि खडूने जमिनीवर रंगमंच आखायचा. दोन रेघा म्हणजे विंगा, एक फुली म्हणजे विहीर, फळ्याखालचा प्लॅटफॉर्म म्हणजे वाड्याची ओसरी. तालीम संध्याकाळच्या गाडीपर्यंत. गाडी चुकली की वसतिगृहात कुणाच्या तरी खोलीवर राहायचे, आणि मेसमध्ये ‘पाहुणा’ म्हणून जेवायचे. मेसच्या मावशींना नाटकातली मुले बरोबर ओळखू यायची. वाढता वाढता त्या विचारायच्या, “काय रं, तुझं पाठ झालं का?” पाठांतराची इतकी जिव्हाळ्याची चौकशी वर्गात कुणी केल्याचे आठवत नाही.

पाठांतर एसटीत व्हायचे. मागच्या सीटवर दोघे बसून एकमेकांना ‘क्यू’ द्यायचे. भांडणाचा प्रवेश असला की पुढच्या बाया वळून पाहायच्या, आणि कंडक्टर मध्ये पडायच्या बेतात यायचा. नाटक आहे म्हटल्यावर तोच कंडक्टर पुढच्या थांब्यापर्यंत उभा राहून ऐकत असे. आमचा पहिला प्रेक्षक तो. एखादे वाक्य त्याला पोहोचले नाही, तर ते पोहोचलेच नाही, असे आमचे सर म्हणायचे आणि ते खरे होते.

मुलींच्या सहभागाची गोष्ट वेगळी लिहायला हवी. गावाकडच्या संमेलनांत मुलगे लुगडी नेसून स्त्री-भूमिका करत, हे मी पाहिलेले आहे, आणि काही जण ती सुरेख करत. महाविद्यालयात मुलींची संख्या वाढली, तसे ते मागे पडले. पण मुलगी नाटकात येणे म्हणजे तिचे एकटीचे येणे नसे. आई, आजी, चुलते आणि संध्याकाळची गाडी या सगळ्यांची संमती लागायची. आमच्या मराठीच्या बाई या कामासाठी घरोघरी जात. एका घरी ओसरीवर बसून चाललेले बोलणे मला अजून शब्दन् शब्द आठवते. मुलीची आई म्हणाली, “बाई, तुम्ही संगं असाल तर माझी ना न्हाई. पण रातच्याला मुक्काम कुठं? आन् हिच्या चुलत्यांना काय सांगू?” बाई म्हणाल्या, “मुक्कामाला मी तिच्याच खोलीत झोपणार. चुलत्यांना मी सांगते, बोलवा त्यांना.” चुलते आले, चहा झाला, आणि ती मुलगी आमच्याबरोबर महोत्सवाला आली. युवा महोत्सवांच्या अहवालांत संघव्यवस्थापक म्हणून एका ओळीत ज्या प्राध्यापिकांची नावे येतात, त्यांनी केलेले हे काम कुठल्याही अहवालात येत नाही. जिल्ह्यातल्या ग्रामीण महाविद्यालयांच्या एकांकिकांत मुली उभ्या राहिल्या त्याचे निम्मे श्रेय मी या बाईंच्या पिढीला देतो.

कोल्हापूरला जाणे हा मोठा प्रवास होता. सांगोला, मिरज करत एसटीने दिवस जायचा. ट्रंकेत कपडे आणि मेकअपचे सामान, टपावर बांबू आणि गुंडाळलेला पडदा. कोल्हापूरने आम्हाला खूप शिकवले, हे मान्य करायला हवे. राजर्षी शाहू महाराजांनी उभारलेले, पुढे संगीतसूर्य केशवराव भोसले यांच्या नावाने ओळखले गेलेले नाट्यगृह पाहिले, तेव्हा आमच्यातल्या कित्येकांनी खरेखुरे नाट्यगृह आयुष्यात पहिल्यांदा पाहिले होते. ८ ऑगस्ट २०२४च्या रात्री ते आगीत जळाल्याची बातमी आली, तेव्हा सोलापूर जिल्ह्यातही अनेकांना घास गिळवला नाही. पण कोल्हापूरचे अंतर ही अडचणही होती. लहान महाविद्यालयांना संपूर्ण संघाचा प्रवास आणि मुक्काम परवडत नसे. नेपथ्य घेऊन जाणे शक्य नसल्याने मुले लघुनाटिका, मूकनाट्य, नकला यांवर समाधान मानत. एकांकिका करणारी महाविद्यालये ठरलेली, त्यातही शहरातली जास्त. वेळापूरसारख्या गावातून येणारा मुलगा प्रेक्षागृहात जास्त आणि रंगमंचावर कमी दिसे.

१ ऑगस्ट २००४ रोजी सोलापूर विद्यापीठ अस्तित्वात आले. डॉ. इरेश स्वामी पहिले कुलगुरू. एका जिल्ह्यापुरते विद्यापीठ, याबद्दल तेव्हा शंका घेणारे पुष्कळ होते. एवढ्याशा क्षेत्राचे विद्यापीठ चालेल का, त्याच्या पदवीला वजन राहील का, असे विचारले जाई. पदवीच्या वजनाबद्दल बोलायचा अधिकार माझा नाही. रंगभूमीपुरते मात्र मी ठामपणे सांगतो, की या निर्णयाने ग्रामीण महाविद्यालयांचे नाटक उभे राहिले. परीक्षक शंभरेक किलोमीटरवर आले. महोत्सव जिल्ह्यातल्या जिल्ह्यात भरू लागला आणि यजमानपद तालुक्यांच्या महाविद्यालयांकडेही जाऊ लागले. ज्या गावात महोत्सव भरतो, त्या गावातली शाळकरी मुले मंडपाच्या कडेला उभी राहून एकांकिका पाहतात. वारीच्या भारुडाची सवय असलेल्या प्रेक्षकाला हे नवे नाटक परके वाटत नाही. २०१९ साली विद्यापीठाला पुण्यश्लोक अहिल्यादेवी होळकर यांचे नाव मिळाले. २०१६च्या विद्यापीठ कायद्यानंतर महोत्सवाचे काम विद्यार्थी विकास मंडळाकडे आहे.

महोत्सवाचे नियम भारतीय विश्वविद्यालय संघाच्या चौकटीतले आहेत, आणि या नियमांनी आपल्या मुलांच्या लेखनाला, दिग्दर्शनाला कसा आकार दिला हे पाहण्यासारखे आहे. एकांकिकेला ३० मिनिटे. रंगमंचावर जास्तीत जास्त ९ कलाकार, त्याशिवाय साथीला ३ जण. लघुनाटिकेला १० मिनिटे आणि ६ जण. मूकनाट्याला ५ मिनिटे, तिथेही ६ जण. नकलाकार एकटा, त्यालाही ५ मिनिटे. आता गावातला मोर्चा, कारखान्यावरची ऊसतोड मजुरांची रांग किंवा यात्रेची गर्दी नऊ जणांत कशी दाखवायची? मुलांनी उपाय शोधले. एकच नट घोंगडी खांद्यावर टाकून म्हातारा होतो, तीच घोंगडी पसरून अंथरूण होते, तीच दोघांनी ताणून धरली की नदी होते. नाट्यशास्त्राच्या पुस्तकात याला मोठमोठी नावे असतील. आमच्या मुलांनी हे भारुडातून उचलले, कारण तिथे एकाच लुगड्याच्या पदरावर चार पात्रे होताना त्यांनी लहानपणापासून पाहिलेली. पश्चिम विभागीय महोत्सवात, म्हणजे गुजरात, राजस्थान, गोवा यांच्या विद्यापीठांबरोबर उतरायचे, तर मराठी एकांकिकेचा गोषवारा हिंदीत किंवा इंग्रजीत आधी द्यावा लागतो. परीक्षकाला भाषा कळेलच याची खात्री नाही. अशा वेळी शब्दांपेक्षा शरीराने बोलणाऱ्या एकांकिका टिकतात, आणि तिथे ग्रामीण मुलांचे बळ दिसते. रोजच्या जगण्यात पाणी शेंदणे, मोळी उचलणे, बैल वळवणे ज्याने केलेले आहे, त्याला त्या क्रियेचा अभिनय शिकवावा लागत नाही.

तालमीचे दिवसही बदलले. २००४ नंतरची काही वर्षे ग्रामीण भागात भारनियमनाची होती. संध्याकाळी नेमकी वीज जायची. तेव्हा एका संघाने मोटारसायकल वर्गाच्या दारात उभी करून हेडलाइटच्या उजेडात तालीम केलेली मी पाहिली आहे. उजेड एका बाजूने आणि खालून यायचा, भिंतीवर दुप्पट उंचीच्या सावल्या पडायच्या. दिग्दर्शन करणाऱ्या मुलाने त्या सावल्या पाहिल्या आणि शेवटचा प्रवेश तसाच ठेवायचे ठरवले. महोत्सवात प्रकाशयोजनेबद्दल परीक्षकांनी खास उल्लेख केला, तेव्हा सगळा संघ एकमेकांकडे पाहून हसत होता. पेट्रोलचे पैसे वर्गणी काढून भागवले होते.

भाषेबद्दल. आमच्या काळी तालमीत पहिली दुरुस्ती उच्चारांची असे. ‘न्हाई’ नको, ‘नाही’ म्हण. ‘आलं हुतं’ नको. अस्सल माळशिरसचे, सांगोल्याचे बोलणे फक्त विनोदी पात्राच्या वाट्याला यायचे, नायक पुण्याचे बोलायचा. हे मला तेव्हाही खटकायचे. आता चित्र पालटले आहे आणि त्यात चित्रपटांचा वाटा मोठा आहे. करमाळा तालुक्यातल्या जेऊरच्या नागराज मंजुळे यांचा ‘फँड्री’ २०१३ साली आला, ‘सैराट’ २०१६ साली. ‘सैराट’ची नायिका रिंकू राजगुरू आपल्या अकलूजची, तेव्हा शाळेत शिकणारी. तिच्या कामाची राष्ट्रीय चित्रपट पुरस्कारांत दखल घेतली गेली. जिल्ह्यातल्या मुलांनी पडद्यावर आपल्याच तोंडची भाषा ऐकली, आणि ती ऐकायला सबंध महाराष्ट्र रांगेत उभा राहिला. त्यानंतरच्या महोत्सवांत नायक-नायिका बिनदिक्कत आपल्या बोलीत बोलू लागले. रडायचे, चिडायचे, प्रेमात पडायचे, तत्त्वाचे बोलायचे ते सगळे याच बोलीत. शंभर व्याख्यानांनी झाले नसते ते एका चित्रपटाने केले.

२०२० साली करोनाने महाविद्यालये बंद पाडली. त्या आषाढात पायी वारीही निघाली नाही, माउलींच्या पादुका एसटी बसने पंढरपूरला गेल्या. २०२१ सालीही तसेच झाले. वेळापूरच्या इतिहासात वाटेवर ना भारूड, ना कॉलेजात नाटक, अशी ती दोन वर्षे. त्या काळात प्रथम वर्षाला आलेल्या मुलांनी प्रेक्षकांसमोर उभे न राहताच पदवीचा मोठा भाग पुरा केला. पुढे महोत्सव पुन्हा भरले, तेव्हा संघांत शिकवणारे वरच्या वर्गातले विद्यार्थीच उरलेले नव्हते. विंगेत कसे उभे राहायचे, दुसऱ्याचे वाक्य चालू असताना कुठे पाहायचे, हे पुस्तकात नसते. ते मागच्या वर्षीचा मुलगा पुढच्या मुलाला सांगतो. ही साखळी तुटली होती आणि प्राध्यापकांनी ती नेटाने पुन्हा जोडली. याबद्दल त्यांचे ऋण मानले पाहिजे.

आता थोडे टीकेचे. स्पर्धेने आपल्याला पुष्कळ दिले, तसे काही ठराविक साचेही दिले. काही वर्षे अशी गेली, की प्रत्येक दुसऱ्या एकांकिकेत कर्जबाजारी शेतकरी, गळफास आणि शेवटी आक्रोश. विषय खोटा नव्हता. दुष्काळ या जिल्ह्याने भोगला आहे, छावण्यांत जनावरे बांधली आहेत. पण ज्याच्या घरी हे घडले, त्याचे नाटक आणि बक्षिसाच्या हिशेबाने लिहिलेले नाटक यांतला फरक परीक्षकांना कळतो, प्रेक्षकांना त्याहून लवकर कळतो. दुसरी गोष्ट, बाहेरून मानधन देऊन दिग्दर्शक आणण्याची. महाविद्यालयांना करंडक हवा असतो, हे समजण्यासारखे आहे. पण आठ दिवसांसाठी आलेला माणूस हालचाली बसवून देतो आणि निघून जातो, मुलांच्या हाती फक्त हालचाली उरतात. चुकत माकत स्वतः लिहिलेले, स्वतः बसवलेले नाटक तिसरे आले तरी मला जास्त मोलाचे वाटते. २०२२ साली पुण्यात पुरुषोत्तम करंडकाच्या परीक्षकांनी अंतिम फेरीनंतर एकाही संघाला करंडक दिला नाही. रोख पारितोषिक दिले, करंडक राखून ठेवला. त्यावर मोठे वादळ उठले. कोवळ्या मुलांचा उत्साह मारला, असे बरेच जण म्हणाले. माझे मत वेगळे आहे. १९६३पासून चालत आलेल्या स्पर्धेने आपली पातळी ठरवायची नाही, तर कुणी ठरवायची? आपल्या महोत्सवातही एखाद्या वर्षी पहिले पारितोषिक राखून ठेवण्याचे धैर्य परीक्षकांनी दाखवले, तर ते मुलांच्या भल्याचेच ठरेल. मात्र निकालानंतर परीक्षकांनी प्रत्येक संघाबरोबर बसून कुठे कमी पडले ते समजावून सांगितले पाहिजे.

या रंगभूमीने नट किती दिले, असे विचारणारे भेटतात. मला तो प्रश्न तोकडा वाटतो. माझ्याबरोबर तालमीत असलेल्यांपैकी एक जण आज कीर्तन करतो आणि त्याच्या कीर्तनातल्या थांबण्याच्या जागा मला ओळखीच्या वाटतात. एक जण जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षक आहे, पोवाडा आणि नाट्यछटा यांतून इतिहास शिकवतो. ज्या मुलीच्या घरी चुलत्यांना चहा देऊन परवानगी मिळवली होती, ती पुढे ग्रामपंचायतीत निवडून आली. ग्रामसभेत चारशे माणसांपुढे उभे राहून हिशेब मागताना तिचा आवाज शेवटच्या माणसापर्यंत जातो. नवीन शैक्षणिक धोरणात सांस्कृतिक कामाला आता क्रेडिट मिळू लागले आहे. चांगलेच आहे, घरच्यांना समजावताना उपयोगी पडेल. पण आम्ही नाटक केले ते क्रेडिटसाठी नव्हे आणि आजची मुलेही त्यासाठी करत नाहीत.

हा इतिहास लिहायला बसलो तेव्हा हाताशी काय होते, तर प्रमाणपत्रे, करंडकांसोबतचे गटाचे फोटो आणि वर्तमानपत्रांची चार कात्रणे. एकांकिकांच्या संहिता मला फारच थोड्या मिळाल्या. वह्यांच्या मागच्या पानांवर लिहिलेल्या, तालमीत खाडाखोड केलेल्या त्या संहिता म्हणजे आपल्या तालुक्यांच्या बोलीचा, दुष्काळाचा, स्थलांतराचा, मुलींच्या शिक्षणाचा लेखी पुरावा आहे. करंडक कपाटात आहेत आणि ज्यावर ते मिळाले तो मजकूर रद्दीत जातो, हे थांबले पाहिजे.

म्हणून या स्मरणिकेच्या वाचकांना विनंती अशी. आपल्यापैकी ज्यांनी कोल्हापूरच्या किंवा सोलापूरच्या कुठल्याही युवा महोत्सवात काम केले आहे, त्यांनी माळ्यावरची ट्रंक एकदा उघडावी. संहिता, पात्रयादी, फोटो, जे असेल ते आपापल्या महाविद्यालयाच्या ग्रंथालयात जमा करावे. मूळ प्रत द्यायला मन होत नसेल, तर झेरॉक्स द्यावी. पहिल्या पानावर साल, महाविद्यालय, लेखक-दिग्दर्शकाचे नाव आणि नऊही कलाकारांची नावे-गावे लिहावीत. ज्याने फक्त पडदा ओढला किंवा चहा आणला, त्याचेही नाव लिहावे. पुढच्या स्मरणिकेत हा इतिहास त्या संहितांवरून लिहिला जावा.